आठवी ‘ब’चं लिंबू

बी.एड. झालं की माणसाला शिकवता येतं, असा सरकारचा समज आहे. माझाही तोच होता, कारण आमच्या घरात दुसरा समज करून घ्यायची सोयच नव्हती. पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले आणि तिथेच मास्तर झाले. तेव्हापासून दर पिढीत एक तरी खडूवाला निघतोच. वडील अजूनही जेवणाआधीची प्रार्थना हजेरी घेतल्याच्या सुरात म्हणतात, आणि ‘आमेन’ला कुणाचा आवाज आला नाही ते डोळे मिटून ओळखतात. त्यामुळे बी.एस्सी. झाल्यावर मी नगरच्या एका बी.एड. कॉलेजात नाव घातलं, याचं कुणाला नवल वाटलं नाही. आमच्या गावाहून, काष्टीहून, रोजचं जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून नगरात खोली घेतली.

पहिले दोन महिने आम्ही एकमेकांनाच शिकवलं. पाच-पाच मिनिटांचा पाठ, आणि समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र. त्यांनी तेवढा वेळ सातवीतली मुलं व्हायचं. आमच्यातला एक जण दोन लेकरांचा बाप होता, चांगल्या भरदार मिशा राखून होता. तो बिचारा करंगळी वर करून ‘मॅडम, जाऊ का?’ विचारायचा आणि मी त्याला गंभीर चेहऱ्याने मधल्या सुट्टीपर्यंत थांबायला सांगायचे. याबद्दल मला दहापैकी नऊ गुण मिळाले. शेरा होता, ‘वर्गनियंत्रण उत्तम.’

मग खरी शाळा आली. एमआयडीसीच्या अलीकडे, नागापूरच्या बाजूचं हायस्कूल. बहुतेक पोरं कारखान्यात आणि वर्कशॉपात काम करणाऱ्यांची. मला आठवी ‘ब’चं विज्ञान मिळालं. तिथे जाण्याआधी पाठ टाचण लिहायचं असतं. शिकवण्याचा आराखडाच तो, पण त्यात दोन रकाने मोठे गमतीचे. एकात शिक्षकाचा प्रश्न, आणि त्याच्या शेजारी ‘विद्यार्थ्यांचे अपेक्षित उत्तर’. पोरं उद्या काय बोलणार आहेत हे आज लिहून ठेवायचं आणि त्यावर सही घ्यायची. पोरं दुसरंच काही बोलली तर काय करायचं, असं मी कॉलेजच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, तसं होत नाही. मला वाटलं, सरांचा अनुभव दांडगा आहे. होताच, पण कसला ते मला पुढे कळलं.

टाचण लिहायला बसले तशी खोलीतली मैत्रीण हसायला लागली. लिहितेस कशाला, म्हणाली, समोर मिळतं की. कॉलेजसमोर एक झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे ‘आठवी, विज्ञान, आम्ल आणि आम्लारी’ एवढं म्हटलं की माणूस मान वर न करता गठ्ठ्यातून प्रत काढून देतो. हे टाचण फार पूर्वी कुणा हुशार मुलीने लिहिलेलं. आमच्या सरांनी ते लाल शाईने दुरुस्त केलेलं. त्या लाल दुरुस्त्या आपल्या अक्षरात निळ्या शाईने उतरवून घेतल्या की सरांना पुन्हा दुरुस्त करायला काही उरत नाही. ते आपलंच लिहिलेलं वाचतात, खूश होतात आणि सही करतात. वर या धड्याला साहित्यही फुकटात जमा: एक लिंबू, एक साबणाची वडी आणि प्रयोगशाळेतले लिटमसचे कागद. लिंबाचा रस लावला की निळा कागद लाल होतो, साबणाच्या पाण्याने लाल कागद निळा होतो. चुकायला जागाच नाही. उष्णतेचा धडा घ्यायचा तर थर्मामीटर हवा, बर्फ हवा, गरम पाणी हवं. नसती कटकट. मीही तीच प्रत उतरवून काढली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे सांगून टाकलेलं बरं.

पहिल्या पाठाला मी गणवेशाची साडी नेसून, पिन लावून, छातीत धडधड घेऊन आठवी ‘ब’च्या दारात उभी राहिले. मागच्या बाकावर कॉलेजचे सर वही घेऊन बसले होते. पोरं एका सुरात ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणाली. पिशवीत हात घातला तर लिंबू नाही. खोलीवरच राहिलेलं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून शांतपणे आवाज आला, “मॅडम, लिंबू आमच्याकडं हाय.” आणि बाकाच्या कप्प्यातून एक लिंबू हातोहात पुढे आलं. जरा वाळकं होतं, पण होतं.

मी पहिला प्रश्न विचारला. लिंबू चवीला कसं असतं, यातला ‘कसं’ माझ्या तोंडात असतानाच चाळीस पोरांनी ‘आंबट’ म्हणून टाकलं. दुसरा प्रश्न साबणाचा. त्याचं उत्तर तर मी साबण बाहेर काढायच्या आधीच आलं. माझी आता भलतीच धांदल उडाली. टाचणात या प्रश्नोत्तरांना सात मिनिटं दिलेली, ती दीड मिनिटात उरकली होती. पुढे काय ते आठवेना. मी फळ्याकडे तोंड करून उगाच तारीख पुसून पुन्हा लिहिली. वळले तर पहिल्या बाकावरची एक मुलगी, दोन घट्ट वेण्या, तेल चोपडलेलं, ओठ न हलवता मला म्हणाली, “मॅडम, आता उद्देशकथन.”

उद्देशकथन म्हणजे ‘आज आपण अमुक धडा शिकणार आहोत’ असं जाहीर करणं. ते विसरलं की दोन गुण जातात. मला त्याची आठवण आठवीतल्या पोरीने करून दिली. पुढचा सगळा पाठ तिनेच चालवला म्हणा ना. कुठे फळ्यावर आकृती काढायची, कुठे शाब्बास म्हणायचं, कुठे थांबून वर्गावर नजर फिरवायची, ती डोळ्यांनी खुणावत होती आणि मी तिच्यामागे जात होते. शेवटी मी ‘कुणाला काही शंका?’ विचारलं. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “नाही मॅडम.” तेही टाचणात लिहिलेलं होतंच. सरांनी माझ्या वहीत शेरा दिला, ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अपूर्व.’

तास सुटल्यावर मी त्या मुलीला गाठलं. वर्गाची मॉनिटर होती ती. एवढं सगळं तुला कसं ठाऊक, असं विचारलं. तिने बोलण्याऐवजी विज्ञानाची वही उघडून दाखवली. नव्या पानावर ठळक अक्षरात ‘आम्ल आणि आम्लारी’. पुढचं पान उलटलं, ‘आम्ल आणि आम्लारी’. त्याच्या पुढे परत तेच. प्रत्येक नव्या मॅडमने आणि सरांनी नव्या पानावर शीर्षक लिहायला सांगितलेलं, आणि हिने मुकाट लिहिलेलं. आमच्या कॉलेजचे पाच जण माझ्याआधी तोच धडा घेऊन गेले होते, दुसऱ्या एका कॉलेजचे दोघे. माझा आठवा. तिने कोपऱ्यात बारीक आकडे घालून ठेवले होते, त्यामुळे मोजायचं कामच उरलं नाही.

मी कपाळाला हात लावला. तुमचे नेहमीचे सर काय करतात, विचारलं. त्यांना तिने अजिबात दोष दिला नाही. सरांना लई काम असतं म्हणाली. ते खरंही होतं. शाळेच्या सरांच्या मागे कसलं तरी सर्वेक्षण, कसली तरी ऑनलाइन माहिती कायम लागलेली असायची. बी.एड.ची मंडळी आली की त्यांना हायसं वाटायचं. ‘तुम्ही आहात तोवर मी ही माहिती भरून टाकतो,’ असं ते मला स्वतः, अगदी मनापासून म्हणाले होते. त्यांच्या टाचणवहीत मात्र पुढचे सगळे धडे वेळेवर शिकवून झाले होते. आमच्या धंद्यात वहीला उशीर होत नाही.

मग त्या पोरीने मला तिचं काम सांगितलं. दिवाळीनंतर शिष्यवृत्तीची परीक्षा होती. विज्ञानाचे सगळे धडे लागायचे. पुढचे दोन धडे तिने आपले आपण वाचून काढले होते, पण उष्णतेचा काही केल्या डोक्यात शिरत नव्हता. वडील वर्कशॉपात प्रेस मशिनवर होते. त्यांनी तिच्याशी सरळ बोली केली होती: शिष्यवृत्ती मिळाली तर दहावीनंतर नगरच्या कॉलेजात सायन्स, नाहीतर कोल्हारला मावशीकडे शिलाई शिकायला जायचं. वाईट माणूस नव्हता तो. धाकट्या दोघींचंही त्यालाच बघायचं होतं. “मॅडम, तुमचा आजून एक पाठ हाय ना?” ती म्हणाली. “त्यात उष्णता घ्या की. बर्फ मी आनते. आमच्या शेजारी मासळीवाल्या मावशीकडं असतो.”

मी हो म्हणाले. कुणी जुलूम केला नव्हता, आपण होऊन म्हणाले. त्या दिवशी मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं.

आता माझा उरलेला पाठ म्हणजे वार्षिक पाठ. बाहेरचे परीक्षक येतात, पन्नासपैकी गुण देतात, त्यावर श्रेणी ठरते. मी दोन दिवस बसून उष्णतेचं टाचण लिहिलं. स्वतः लिहिलेलं माझं ते पहिलं आणि शेवटचं टाचण. अपेक्षित उत्तराच्या रकान्यात दोन ठिकाणी मी चक्क ‘विद्यार्थ्यांना माहीत नसेल’ असं लिहिलं. सरांकडे घेऊन गेले. सरांनी ते वाचलं, त्या दोन जागी लाल गोल काढले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्यावर त्यांचा लोभ होता. म्हणून ते न रागावता, समजुतीच्या सुरात बोलले. “बाळ, तुला पास व्हायचंय की शिकवायचंय?”

या प्रश्नाचं अपेक्षित उत्तर मला बरोबर ठाऊक होतं. सर म्हणाले, परीक्षकांसमोर वर्ग अडखळला तर ते वर्गाचे गुण कापत नाहीत, तुझे कापतात. लिंबाचा पाठ बसलेला आहे, तोच घे. शिकवायला पुढे अख्खी नोकरी पडली आहे. माझ्या डोळ्यांपुढे वडील आले, त्यांच्या बी.एड.च्या वर्गातला त्यांचा पहिला नंबर आला, जो ते अजून पाहुण्यांना सांगतात. जुनं टाचण पिशवीतच होतं. सरांनी त्यावर सही केली. पोरीला जाऊन आधी सांगायला हवं होतं. ते मी टाळलं. तोंड कसं दाखवायचं, या भीतीने टाळलं.

वार्षिक पाठाच्या दिवशी मी वर्गात शिरले. परीक्षक मागे बसले, कडक इस्त्रीचे, खिशाला दोन पेनं. पोरं उभी राहिली, बसली. पहिल्या बाकावर, तिच्या पुढ्यात, स्टीलचा डबा होता. घट्ट झाकणाचा, फडक्यात गुंडाळलेला. फडकं बाहेरून ओलं झालं होतं. तिने माझ्याकडे पाहून डब्यावर हळूच बोट टेकवलं. मी पिशवीत हात घातला आणि लिंबू बाहेर काढलं.

तिने लिंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग डबा उचलून पायाशी ठेवला, पाठ ताठ केली आणि तयार होऊन बसली. मला वाटलं होतं, ती तोंड फुगवेल, उत्तरं देणार नाही. तसं केलं असतं तरी मला चाललं असतं. पण पोरीने असा पाठ दिला, की काय सांगू. पहिलं उत्तर तिचं. मी मुद्दाम थांबले तिथे तिनेही विचार केल्यासारखं करून मग हात वर केला. निळा कागद लाल झाला तेव्हा नवव्यांदा ते बघणारी ती पोरगी ‘अगं बाई’ म्हणाली. अगदी नवल वाटल्यासारखं. मागे परीक्षकांचं पेन भराभर चाललं होतं. माझं सगळं लक्ष बाकाखालच्या डब्याकडे. फरशीवर पाण्याचा एक ओघळ तिच्या चपलेपर्यंत गेला होता.

शेवटी मी विचारलं, “कुणाला काही शंका?”

“नाही मॅडम,” वर्ग म्हणाला. तिने मात्र हात वर केला. अपेक्षित उत्तराच्या रकान्यात हे नव्हतं. परीक्षकांनी मान वर केली.

“मॅडम, पुढचा धडा कोन शिकवनार?”

ती भांडत नव्हती, टोमणाही मारत नव्हती. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. मी वर्गाकडे पाहिलं, परीक्षकांकडे पाहिलं आणि म्हणाले, “मीच. उद्या.” घंटा झाली.

बाहेर व्हरांड्यात परीक्षकांनी माझी पाठ थोपटली. एवढ्या वर्षांत, ते म्हणाले, पाठ संपल्यावर पुढचा धडा मागणारा विद्यार्थी त्यांनी पाहिला नव्हता. याला म्हणतात जिज्ञासा निर्माण करणं. आमचे सर शेजारी उभे राहून कौतुकाने मान डोलावत होते. शेऱ्यात तेच आलं, ‘पुढील अभ्यासाची ओढ निर्माण केली.’ पन्नासपैकी एकोणपन्नास. एक गुण का कापला, तर फलक लेखनात शेवटची ओळ जरा तिरकी गेली होती. मागे वळून पाहिलं तर ती डबा घेऊन नळापाशी चालली होती. झाकण काढून तिने पाणी कडेच्या झाडाला ओतलं, डबा विसळला आणि पालथा धरून झटकला.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. फायलींचं बाइंडिंग करायचं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजात निरोप समारंभ होता, त्यात मी ‘आदर्श शिक्षक’ या विषयावर भाषण केलं. मग एकमेकांच्या पाठांचे निरीक्षण-तक्ते भरायचे राहिले होते, न पाहिलेल्या पाठांचे सुद्धा, तेही मन लावून भरले. सात-आठ दिवस असेच गेले. खोलीपासून ती शाळा रिक्षाने वीस मिनिटांवर होती. मला एक तास काढता आला असता, अगदी सहज आला असता. मग दिवाळी आली आणि मी काष्टीला निघून गेले.

पुढच्या वर्षी कॉलेजातून गुणपत्रिका आणायला नगरला गेले होते. मी वर्गात पहिली आले होते, आणि त्या पहिलेपणात त्या लिंबाच्या पाठाचा वाटा मोठा होता. गुणपत्रिका घेऊन एका मैत्रिणीकडे जायला निघाले, तर नागापूरच्या फाट्यावर ती उभी. उंच झाली होती, वेण्या तशाच. मला वाटलं, पाहून न पाहिल्यासारखं करेल. उलट तीच लगबगीने पुढे आली. “मॅडम, वळखलं का?”

मी परीक्षेचं विचारलं. विचारणं भाग होतं. आम्ल-आम्लारीचे तीन प्रश्न आले हुते, ती म्हणाली, तिन्ही बरोबर आले. त्याच्या पुढच्या धड्यांचेही बरेच जमले. उष्णतेचे मात्र अंदाजाने गोळे काळे केले. दोन मार्कांनी नंबर हुकला. दहावी झाली की कोल्हारला मावशीकडे जायचं नक्की झालं होतं. तिथे शिलाईचं दुकान चांगलं चालतं, असं तिने मलाच धीर दिल्यासारखं सांगितलं. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं. नऊ वेळा शिकवलेल्या धड्यातला एकही शब्द कामाचा नव्हता.

मग तिने विचारलं, “मॅडम, त्या पाठाला तुमाला किती पडले?”

गुणपत्रिका माझ्या हातातच होती, लपवायची म्हटलं तरी लपवता येईना. एकोणपन्नास, मी म्हणाले. पन्नासपैकी.

तिचा चेहरा एकदम उजळला. वर्गातल्या बाकीच्यांनाही हे सांगायचं आहे, असं तिच्याकडे पाहून वाटलं.

“मग आमी कुठं चुकलो न्हाई,” ती म्हणाली, आणि आलेल्या रिक्षात चढली.